निळा, चाळीस किलो

अर्ज सहा प्रतींत करायचा होता.
सहावी प्रत इतकी पुसट निघाली
की मालक म्हणाले, ही आपल्याकडे ठेव,
कुणाला वाचता येणार नाही, म्हणजे हरकतही निघणार नाही.
कार्बननं माझी बोटं निळी झाली होती.
तेवढा निळा परवान्याशिवाय मिळायचा.

साल एकोणसत्तर. भद्रावती पेठ.
अंबय्या गड्डम यांचे बारा माग, मागच्या अंगणात रंगाच्या कढया,
आणि मी टंकलेखक, पगार एकशे दहा,
अर्थ न कळता बिनचूक इंग्रजी उतरवणारा.
रसायनाचं नाव सव्वा ओळ लांब.
अंबय्या त्याला नुसतं ‘नीलम’ म्हणत,
तेलुगूत निळ्याला तेच म्हणतात.
माल स्वित्झर्लंडचा. इथला निळा
तीन धुण्यांत राखेच्या वाटेला लागायचा.

फॉर्मवर एक प्रश्न होता :
हा माल आयात करण्याची गरज काय?
अंबय्या म्हणाले, लिही, मोर.
मी म्हटलं, मालक, असं लिहीत नाहीत.
मग मी टाइप केलं :
‘स्थानिक पर्याय तांत्रिकदृष्ट्या असमाधानकारक.’
मोर त्या ओळीत कुठंतरी बसला, पिसं मिटून.

तपासणीला एक साहेब आले.
रिकाम्या पिंपात काठी घालून
त्यांनी मागच्या वर्षीचा निळा मोजला.
जाताना दोन चादरी नेल्या.
मी वहीत लिहिलं : नमुना.

त्यानंतर पोस्टमनची वाट.
तोवर जेकार्डवर नव्या नक्षीचे पुठ्ठे चढलेसुद्धा.
मला त्यातलं कळत नव्हतं, अंबय्यांनी एकदा दाखवलं :
भोक असेल तिथला दोरा वर येतो.
भोक नसेल, तर दोरा रेशमाचा का असेना, खालीच.
‘दिल्लीत पण असाच माग असणार,’ ते म्हणाले,
आणि तंबाखूची चिमूट झटकून आत गेले.

परवाना आला. मागितले होते दोनशे,
मंजूर चाळीस किलो, मुदत सहा महिने.
जहाज सातव्या महिन्यात आलं.
मुंबईहून दारूखानावालांची तार :
माल गोदीत. परवाना संपला. भाडं चालू.
पुन्हा सहा प्रती. पुन्हा निळी बोटं.

त्याच आठवड्यात चाटी गल्लीतून एक गृहस्थ आले,
चहा बशीत ओतत म्हणाले, मुदत मी वाढवून आणतो,
कागद मला विका. रंगाच्या दुप्पट देतो.
अंबय्यांनी लगेच नाही म्हटलं नाही.
ते मी इथं मुद्दाम लिहितो आहे.
रात्रभर ते अंगणात कोरड्या कढयांजवळ बसले होते.
सकाळी म्हणाले, त्याला सांग, नको. आणि कारण विचारू नको.

गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली,
व्यापाऱ्यांनी आगाऊ पैसे दिलेले.
घरात काथ्याचा तपकिरी तेवढा भरपूर होता.
मोर तपकिरी निघाला.
कांड्या भरणारी पोशव्वा मागाशी येऊन थबकली,
म्हणाली, अय्यो, याला अंडी घालता येतात का बघा!
सगळा कारखाना हसला. अंबय्याही.
नंतर ते तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

चादरी मात्र खपल्या. होम मैदानावर
एक विक्रेता ओरडत होता, परदेशी मोर! परदेशी मोर!

निळा उन्हाळ्यात पोचला.
कस्टमनं तपासायला काढून घेतलेला वजा जाता
साडेएकोणचाळीस.

परवा नातसून कपाट आवरत होती.
तिचा रंगांचाच धंदा आहे, ऑनलाइन,
जर्मनीचा डबा आठ दिवसांत दारात येतो.
चादरीच्या घडीतून सहावी प्रत खाली पडली,
आता तर ती साफ कोरी.
तिनं चादर उलगडली, उजेडात धरली,
आजोबा, हा कुठला पक्षी?

मी म्हटलं, मोर.
स्थानिक पर्याय.